पुराव्याची कॅसेट

मिहिकानं मशीनमधली, त्यांचं गाणं भरलेली फ्लॉपी काढली, तिच्या लेबलवर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं आणि ती सरळ आपल्या पर्समध्ये टाकली. प्रल्हादची बोटं अजून कीबोर्डच्या पट्ट्यांवरच होती. त्यानं पर्सच्या चेनकडे पाहिलं, मग मिहिकाकडे, मग पुन्हा चेनकडे.

"मॅडम, ती इथंच कपाटात राहू दे की."

"अहो प्रल्हाददादा, मिक्सिंग मी घरी करणार आहे. इथं पुढचा अख्खा वीक फुल बुक आहे, साबणाच्या जाहिराती आहेत." तिनं एक कागद पुढं ओढला. "बरं, तुमच्या आईचं नाव काय?"

"आईचं? ते कशाला?"

"असंच. सांगा ना."

"नर्मदा," तो म्हणाला, आणि सांगून बसल्याचा त्याला लगेच पश्चात्ताप झाला. आईचं नाव पासपोर्टच्या फॉर्मवर विचारतात, बँकेत विचारतात. असंच कुणी विचारत नाही.

बर दुबईत, देवळाच्या गल्लीमागं, साड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर हा स्टुडिओ होता. मिहिका तिथं रेडिओच्या जाहिराती बनवायची. जन्म दुबईतला, वय पंचवीस, गळा गोड. प्रल्हाद बारगोडे गुहागरकडचा, बेचाळीस वर्षांचा, हमरिया फ्री झोनमधल्या अत्तराच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन. वर्षापूर्वी स्टुडिओतला सिंथेसायझर बिघडला तेव्हा कुणीतरी त्याला बोलावून आणलं. दुरुस्ती झाल्यावर, सगळे स्वर लागतात का बघायला म्हणून त्यानं जे काही वाजवलं, ते ऐकून मिहिका चहाचा कप घेऊन दारातच थांबली.

ते वाजवणं म्हणजे कारखान्यातल्या लेबल लावणाऱ्या यंत्राचा ठेका होता. टक-टक-धप्प, टक-टक-धप्प. दिवसाचे दहा तास कानावर पडून पडून तो प्रल्हादच्या अंगात भिनला होता. त्यावर त्यानं खाडी ओलांडणाऱ्या अब्र्याच्या, म्हणजे तिथल्या लाकडी होडीच्या, डुलण्यासारखी एक चाल बसवली होती. मिहिकानं शब्द लिहिले, गाण्याचं नाव ठेवलं 'पैलतीर', आणि दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दोघं बसू लागले. ना तबला, ना पेटी, सगळं गाणं यंत्राचं, आणि तरी ऐकताना घर आठवावं. असलं मराठी गाणं निदान दुबईच्या मीना बाजारात तरी कुणी ऐकलं नव्हतं.

प्रल्हादला त्यातून पैसे नको होते. त्याला कॅसेटवर एक ओळ हवी होती. संगीत : प्रल्हाद बारगोडे. बस्स, एवढीच.

त्याचं कारण सहा वर्षांपूर्वीचं होतं. कारखान्यात बाटल्यांना बुचं बसवणारं यंत्र सारखं अडायचं. प्रल्हादनं सुट्टीचे तीन शुक्रवार डोकं लावून त्याची वायरिंग बदलली, यंत्र सुरळीत झालं, आणि अहवालावर सही झाली इंजिनियरची. त्या इंजिनियरचा हार घातलेला फोटो कितीतरी दिवस नोटीस बोर्डवर होता. प्रल्हादला त्या दिवशी एक चहा मिळाला होता, साखर जास्त घातलेला. तेव्हापासून कुणी गोड बोललं की हा आधी त्याच्या हातात काय आहे ते बघायचा.

पुढच्या शुक्रवारी मिहिकाच्या हातात कॅसेटच्या वेष्टनाचा छापील नमुना होता. तो टेबलावर ठेवून ती फोनवर बोलत बाहेर गेली तेव्हा प्रल्हादनं मान वाकडी करून तो वाचला. वर खाडीचं चित्र, खाली 'पैलतीर'. गायिका, तिचं नाव. गीत, तिचं नाव. 'संगीत' असं लिहून पुढं कोरं.

त्यानं मान सरळ केली. आत आल्यावर मिहिका म्हणाली, "कसं वाटतंय? नाइस ना?"

"नाइस," प्रल्हाद म्हणाला.

त्यानं विचारलं नाही. कोऱ्या जागेत काय येणार, एवढे तीन-चार शब्द होते, पण ते विचारले की समोरचा सावध होतो, असं त्याचं ठाम मत होतं. मिहिकानं समोसा पुढं केला, तोही त्यानं घेतला नाही. परतीच्या अब्र्यात तो पाण्याकडे पाठ करून बसला. लबाड माणसाच्या गळ्यात देव इतका गोड आवाज का घालतो, याचा त्याला मनापासून राग आला होता.

कामगारांच्या कॅम्पात त्याच्या खोलीत महादू राहायचा. महादूला जगातल्या सगळ्या गोष्टींवर तोडगा ठाऊक असायचा, फक्त स्वतःच्या घोरण्यावर नाही.

"सोपं हाये," महादू म्हणाला. "गाणं कॅसेटवर भर, संगं चिठ्ठी लिव्ह, आन् आपणच आपल्या नावानं रजिस्टर कर. पाकीट आलं की फोडायचं न्हाय. उद्या कोर्टकचेरी झाली तर पोस्टाच्या शिक्क्यावरली तारीख बोलते. आमच्या गावच्या मास्तरानं असंच केलं हुतं."

प्रल्हादला हे फारच पटलं. आणि एकदा पटलं की तो काम कच्चं ठेवणाऱ्यातला नव्हता. मिहिकाच्या आवाजातली, सरावाच्या वेळी भरलेली एक कॅसेट त्याच्याकडे होतीच. रविवारी दुपारी दोन तासांची सुट्टी टाकून तो टायपिंग सेंटरवर गेला. तिथल्या माणसाला त्यानं सगळं नीट सांगितलं. गाणं माझं आहे. अमुक महिन्यापासून दर शुक्रवारी, दुपारी दोन ते सहा, बर दुबईतल्या अमुक स्टुडिओत मी ते बनवण्याचं काम केलं. तारखा एकूण एक लिहा.

"इंग्लिश या अरबी?" माणसानं विचारलं.

"दोनो," प्रल्हाद म्हणाला. पुरावा कसा, कुणालाही वाचता यायला हवा.

पाकिटावर पत्ताही टाइप झाला, मोठ्या अक्षरांत. त्याचं नाव, खाली कारखान्याचं नाव, कारखान्याचा पोस्ट बॉक्स. दुसरा पत्ता त्याला नव्हताच. इथं घरोघर टपाल येत नाही. बारा वर्षं आईची पत्रं त्याच बॉक्सवर येत होती, आणि ऑफिसातली बिलकीस ती त्याला जशीच्या तशी हातात देत होती. कॅसेट आणि कागद घालून पाकीट पोस्टात टाकल्यावर त्याला त्या रात्री गाढ झोप लागली.

पुढच्या शुक्रवारी मीना बाजारातल्या कॅसेटच्या दुकानात 'पैलतीर' आलं. समारंभ असा काही नव्हताच. दुकानदारानं काउंटरवर पंचवीस-तीस कॅसेट रचल्या, एक मशीनमध्ये घातली, आणि टक-टक-धप्प रस्त्यावर आलं. साडीची पिशवी घेतलेली एक बाई थांबली. तिचा हात पिशवीवर ठेका धरायला लागला.

प्रल्हाद दाराशी उभा होता, ओठ घट्ट मिटून. आज तोंडावर सुनावायचं, असं ठरवून तो आला होता. वाक्यंही पाठ केली होती. मिहिका गर्दीतून वाट काढत आली आणि तिनं एक कॅसेट त्याच्या हातात ठेवली.

"बघा ना उघडून!"

त्यानं उघडून पाहिलं. संगीत : नर्मदासुत.

तो ती ओळ वाचत राहिला.

"रागावलात का?" मिहिकानं विचारलं. "तुमचं खरं नाव टाकता येत नव्हतं, दादा. तुमचा व्हिसा फॅक्टरीचा. दुसरीकडे काम केलं असं कुणी दाखवून दिलं तर डायरेक्ट कॅन्सल. आमच्या तबलेवाल्यांचं तेच झालं. कॅसेटवर नाव छापलं, कुणीतरी नेऊन दाखवलं, खलास. दहा दिवसांत इंडिया. म्हणून तर मी ती जागा शेवटपर्यंत कोरी ठेवली होती."

"मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, काय व्हायचं ते होऊ दे, नाव टाका." ती हसली. "आणि आईला कळेल ना, कुणाचं गाणं ते. बाकीच्यांना नंतर सांगू, इन्शाल्ला."

प्रल्हादची पाठ केलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की ती कॅसेट हातात धरवेना. त्याच्या तोंडून फक्त, "बाय माझे," एवढंच आलं. मिहिकाला आजवर तो मॅडमच म्हणायचा. कोकणात लेकीला बाय म्हणतात, हे तिला ठाऊक नसावं, पण तिनं मान हलवली.

मग त्याला पाकीट आठवलं, आणि त्यात लिहून दिलेल्या एकूण एक तारखा.

शनिवारी सकाळी पाळीवर जाण्याआधी तो ऑफिसात गेला. कॅसेट शर्टाच्या खिशात होती. बिलकीस टपालाच्या वहीत नोंदी करत होती. हैदराबादची, पन्नाशीची, कुणाला दुखावणं तिला जमायचं नाही.

"बिलकीस आपा, मेरे नाम का एक रजिस्टर आया होगा."

"आया था ना, परसों." तिनं वहीत बोट फिरवलं. "घर की चिट्ठी होती तो मैं वैसेच रख देती, प्रल्हादभाई. ये तो टाइप किया हुआ था, कंपनी का नाम लिखा हुआ. मैं समझी किसी पार्टी का कागद है. खोली, शिक्का मारी, अंदर भेज दी. गलत हुआ क्या?"

प्रल्हादनं मान हलवली, होय की नाही ते तिला कळलं नसेल.

तेवढ्यात आतल्या काचेच्या केबिनमधून टक-टक-धप्प ऐकू आलं. तिथं मुदीर बसायचे. कारखान्यात मॅनेजरला सगळे मुदीरच म्हणत. पाठोपाठ मिहिकाचा आवाज आला, खाडीच्या पाण्यावर डुलत.  गाणं कडव्यापर्यंत गेलं, थांबलं, टेप मागं फिरल्याचा आवाज झाला, आणि पुन्हा सुरू झालं.

"तीसरी बार सुन रहे," बिलकीस हळूच म्हणाली. "अच्छा गाना है. किसका है?"

केबिनचं दार उघडलं. मुदीर दारात आले. एका हातात चष्मा होता, दुसऱ्या हातात दोन भाषांत टाइप केलेला, शिक्का मारलेला कागद. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं. मागं गाणं चालूच होतं.

"हे कुणी केलं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. "यातला प्रल्हाद कोण?"

बिलकीसनं प्रल्हादकडे पाहिलं.

हे कुणी केलं, असं इथं कुणीतरी विचारावं म्हणून तो सहा वर्षं थांबला होता. त्यानं खिशातली कॅसेट हातानं झाकली आणि एक पाऊल पुढं टाकलं.