मिठावरची गाडी

कॅम्पच्या दोरीवर वाळलेला, मग इस्त्री केलेला निळा शर्ट.

वैभवीचा प्रश्न, इंग्रजीत.

भाकरीच्या पापुद्र्याएवढं मीठ.

कचऱ्याची काळी पिशवी.

आठ दिवस.

आता ओळीने. दत्ताराम बारा वर्षं आखातात, अल क्वोजच्या कामगार-कॅम्पमध्ये होता. साइटवर पाइप गाडायचा. सहा जणांच्या खोलीत बायको आणता येत नाही. रंभाला आठ दिवस तुमच्याकडे ठेवून घ्याल का, एवढं एकच त्याला चुलतभावाला विचारायचं होतं. प्रकाशचा फ्लॅट मोठा. शिवाय या रविवारी त्यानेच सहलीला बोलावलं होतं. वाळूच्या टेकड्या, मिठाचं कोरडं तळं, आणि बरोबर फक्त घरचीच माणसं, असं म्हणाला होता. 'घरचीच' हे दत्तारामने खोलीतल्या पाचही जणांना ऐकवलं.

टेकड्यांपाशी कळलं, वाळूत शिरण्याआधी टायरमधली हवा कमी करायची होती आणि प्रकाशला गुडघे टेकायचे नव्हते. दत्तारामने चारी टायर उरकले. आता विचारू म्हणेपर्यंत प्रकाशच्या बायकोने, छायाने, फोन त्याच्या हातात दिला. नवरा, बायको, मुलगी. त्याने चाळीसेक फोटो काढले.

मग तळं. पांढरंशुभ्र, फरशीसारखं. छायाला फोटोसाठी गाडी मधोमध हवी होती.

"खाली चिखल असतो रे," दत्ताराम म्हणाला. "असल्या जमिनीत आम्ही पाइप टाकतो. वरचं मीठ नुसतं झाकण."

"दादा, फोर बाय फोर आहे. तू नको टेन्शन घेऊस."

वीस पावलांत चाकं रुतली. उतरला तो दत्ताराम, इस्त्रीच्या निळ्या शर्टात, गुडघाभर काळ्या चिखलात. हाताने उकरताना मिठाच्या कडा बोटांना कापत होत्या. अक्रम नावाचा एक पिकअपवाला वाटेवरून वळून आला, दोर बांधला आणि प्रकाशला म्हणाला, आप भी उतरिए, जल्दी होगा.

"वो कर लेगा," प्रकाश काच अर्धीच खाली करून म्हणाला. "साइट का आदमी है."

गाडी निघाली. परतताना छायाने मागच्या सीटवर कचऱ्याची पिशवी फाडून अंथरली. लेदर आहे ना दादा, म्हणाली, अगदी गोड आवाजात. दत्ताराम पिशवीवर बसला. शेजारी वैभवी आईच्या फोनवरचे फोटो सरकवत होती.

"मम्मा, व्हाय इज काका नॉट इन एनी फोटो?"

छायाने तिला पाणी प्यायला सांगितलं.

मग दत्तारामने विचारलं. रंभाचं नाव घेतलं, आठ दिवस म्हणाला, स्वयंपाकपाणी ती बघेल असंही म्हणाला, जे तो बोलणार नव्हता.

प्रकाशने शेजारी बसलेल्या छायाकडे पाहिलं. "बघू दादा. इन्शाल्ला."

बारा वर्षं रजेच्या प्रत्येक अर्जावर कॅम्प बॉस हेच म्हणत आला होता.

"हो हो, बघ," दत्ताराम म्हणाला. हललं की पिशवी वाजायची, म्हणून अल क्वोजपर्यंत तो हलला नाही.

गावी रंभाचा पासपोर्ट मार्चमध्येच, आठ महिन्यांपूर्वी, पोस्टमनने आणून दिला होता.