कदाचितरावांची पहिली फुली

लिफ्ट तपासणीच्या कचेरीत त्यांना सगळे कदाचितराव म्हणत. वीस वर्षांत त्यांचा एकही अहवाल खोटा ठरला नव्हता, कचेरीच्या चुकांच्या वहीत त्यांचं पान कोरंच होतं. ठरणार तरी कसा? प्रत्येक इंग्रजी अहवालाच्या शेवटी एकच पालुपद: लिफ्ट 'मे पॉसिबली' अडकेल. अडकली तरी बरोबर, नाही अडकली तरी बरोबर!

मग नव्या मॅडम आल्या आणि त्यांनी भिंतीवर तक्ता ठोकला. 'अनलाइकली' म्हणजे अशा दहा लिफ्टमधल्या दोन अडकतील, 'लाइकली' म्हणजे सात, 'हायली लाइकली' म्हणजे नऊ.

"आणि 'मे पॉसिबली' म्हणजे?" कदाचितरावांनी चाचरत विचारलं.

"म्हणजे तुम्ही लिफ्ट बघायला गेलाच नव्हता," मॅडम म्हणाल्या.

शिवाय अंदाज चुकला की त्या वहीत लाल फुली, आणि आता शनिवारी चहाच्या वेळी तिचं सगळ्यांसमोर जाहीर वाचन.

त्याच संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. बाई सातव्या मजल्यावर राहायची आणि गुडघे तर केव्हाच कामातून गेलेले. "दादा, आज परत लिफ्टमध्ये पाऊण तास अडकले. मालक तुझाच कागद नाचवतो माझ्यापुढे. म्हणतो, साहेब नुसतं 'मे पॉसिबली' म्हणतात, मग घाई कसली? तुझी वही स्वच्छ राहावी म्हणून मी त्या डब्यात कोंडून घ्यायचं का रे?"

कदाचितरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः बहिणीच्या इमारतीत गेले, दोर पाहिला, ब्रेकची पट्टी बोटानं चाचपली. पट्टी पार झिजलेली. दहातल्या नऊ, डोळे झाकून! पण कागद समोर आला आणि वही आठवली. वीस वर्षांची कोरी करकरीत वही! 'लाइकली' लिहिलं, खोडलं. शेवटी होऊ दे काय व्हायचं ते म्हणत 'महिन्याभरात अडकणार, हायली लाइकली' असं लिहून टाकलं आणि घटाघटा पाणी प्यायले.

अहवाल वाचून मालकाची पाचावर धारण बसली. आठवड्यात ब्रेक नवा, दोरही नवा. महिना सरला, लिफ्ट एकदासुद्धा अडकली नाही.

शनिवारी कारकुनानं मिटक्या मारत वाचलं, "कदाचितराव! अडकणार म्हणाले, अडकली नाही. फुली!" सगळ्यांनी टेबलं बडवली.

"अहो थांबा," मॅडम गोंधळल्या. "अहवाल वाचूनच तर मालकानं दुरुस्ती केली. ही फुली कशी धरायची?"

"छे छे, नियम म्हणजे नियम," म्हणत कदाचितरावांनी लाल पेन ओढून घेतलं आणि स्वतःच चांगली ठसठशीत फुली मारली. सकाळीच बहीण फोनवर म्हणाली होती, "दादा, महिनाभर सुखानं वरखाली करतेय रे!"

"तुम्हाला आनंद कसला झालाय एवढा?" मॅडमनी विचारलं. "अशा फुल्या आणखी पडणार आहेत की काय?"

कदाचितरावांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे एकदा नीट पाहून घेतलं.

"हायली लाइकली," ते म्हणाले.