हात पोहोचेल तेवढंच

"यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही," म्हणत जामिनावर सुटून आलेल्या शिंपीमामाने सुई सदऱ्यात खोचली. भाचीचा जीव मात्र टांगणीला लागला होता. शेजाऱ्याला बदडलं म्हणून मामाला सकाळी दुकानातच अटक झाली होती, आणि दुकानातल्या कपाटात तिची आईपासून लपवलेली प्रेमपत्रं होती.

"फौजदार कपाटाकडे निघाला. म्हटलं, थांबा साहेब! वॉरंट नाही ना? मग अटक करताना माझे खिसे तपासा आणि माझा हात पोहोचेल तेवढीच जागा. कायदा आहे! टेप काढून हातच मोजून दिला, अठ्ठावीस इंच. बिचाऱ्याने माझ्याभोवती खडूने रिंगण आखलं. सहा शिपाई त्यात एका पायावर उभे राहून झडती घेत होते. सापडलं काय, तर तीन बटणं! कपाटाला कुणाचं बोटसुद्धा लागलं नाही."

"म्हणजे आईला काही कळणार नाही ना?"

"छे गं! गाठोडं जसंच्या तसं आहे. तो गडी तुला 'माझी खारुताई' म्हणतो, हे जन्मात कुणाला कळायचं नाही."

भाचीचे कान लालबुंद झाले.

"थापा नको मारूस, मामा! कपाटाला बोटसुद्धा लागलं नाही, तर खारुताई तुला कुणी सांगितली?"