अर्ध्या घरावरचं छत

कृष्णवेणी बाळंतपणाला तिरुवैयारूला माहेरी गेली ती गेलीच. मूल रांगायला लागलं तरी सासरे, वेंकटराव, पाठवेनात.

"नुसत्या भिंतींत आणून ठेवू काय पोरीला, सेतुराम? छत होऊ दे. मग पाठवतो."

बरोबरच होतं त्यांचं. राजवाड्याजवळच्या गल्लीतलं भाड्याचं बिऱ्हाड सोडून मी गावाबाहेर कालव्याकाठी जागा घेतली. विटा स्वतः पाडल्या, स्वतः रचल्या. दोन खोल्या. सागाच्या तुळ्यांवर विटा बसवायला तेवढा गवंडी आणला.

राहिलं ते शेवटचं काम. विटांच्या तुकड्यांत चुना कालवून वर पसरायचा आणि चोपायचा. बायकांची रांग लाकडी चोपणी घेऊन बसते. गूळ-हिरड्याचं पाणी शिंपडायचं, एकीनं गायचं, बाकीच्यांनी तालावर मारायचं. चोपणं टणकन उडेपर्यंत. मधे थांबलं की चुना तसाच धरतो, पोकळ राहून घट्ट होतो, आणि तसं छत पाणी पितं.

मी पंचांग बघून मुहूर्त काढला. शुक्रवार, दशमी, सगळं उत्तम. चोपणाऱ्या बायकांची म्होरकी चिन्नपोण्णू, तिनं तिच्या बायका आणल्या, चुना पसरला, दिवसभर चोपलं. "उद्या लवकर येतो," म्हणून गेल्या.

सकाळी कालव्याला पाणी आलं होतं.

कोणी आलंच नाही. मी शेतात गेलो तर सगळ्या गुडघाभर चिखलात, हातात भाताची रोपं. विहिरीच्या पाण्यावर रोपं आधीच तयार होती, कावेरीचीच वाट बघत होते सगळे.

"रायरे, पंचांग बघितलंत, कालवा नाही बघितलात!" चिन्नपोण्णू ओरडली. आम्हा मराठी लोकांना तिथं रायरच म्हणतात. "आता आम्ही शेताच्या. रोपं लावून झाली की येते."

"तोवर चुना धरेल गं!"

"मग तुम्हीच चोपा! गाणं मी इथूनच म्हणते. फुकट!"

सगळ्या हसल्या. मीही हसलो. काय करणार?

वर चढलो. एकटा बसून चोपायला लागलो. एका कडेचं होईपर्यंत दुसरीकडचं घट्ट व्हायला लागलं. दुपारी कळलं की दोन्ही खोल्यांवरचं होत नाही. एक वाचवायची, नाहीतर दोन्ही घालवायच्या.

फावडं घेतलं. पुढच्या खोलीवरचा चुना, माझ्याच हातानं कालवलेला, खरवडून खाली टाकला. रडू आलं, खोटं कशाला सांगू.

मग आतल्या खोलीवर बसलो. शेतातून गाणं येत होतं. ते रोपं लावायचं गाणं, संथ. त्याच तालावर मारत राहिलो. त्या जेवायला गेल्या की ताल जायचा, हात कुठंही पडायचा. चुन्यानं बोटं फाटली. तरी थांबलो नाही, दिवस मोजले नाहीत. एका सकाळी चोपणं उडालं. टणकन.

सासऱ्यांना निरोप धाडला. बसनं आले. शिडी चढून छतावर तांब्याभर पाणी ओतलं. आम्ही दोघं बघत बसलो. पाणी तसंच उभं राहिलं, थेंब आत गेला नाही.

"छान चोपलंय," ते म्हणाले. मग पुढच्या खोलीकडं वाकून बघितलं. तुळ्यांवर नुसत्या विटा, सांध्यांतून ऊन खाली पडत होतं. "आणि हे?"

"ते राहिलं, मामा. पण बाळंतिणीला एक खोली पुरते की."

"बाळंतीण कुठली आता? पोर घरभर रांगतं. दुपारी पुढं गेलं तर उन्हात, पाऊस आला तर पाण्यात." मग माझे हात बघितले. "हात बरे करा आधी. पुढचंही होऊ दे. पोंगलनंतर, संक्रांत सरली की पाठवतो."

"सांगाल ना तिला? एक खोली झाली म्हणून?"

"सांगतो की."

त्यांना बसमधे बसवून परत आलो. आतल्या खोलीत गेलो. गार. गुळाच्या वासानं भिंतीवर मुंग्यांची रांग लागलेली. जमिनीवर टेकलो आणि उगाच बोललो, "कृष्णवेणी, पान वाढ. भूक लागली."

इतके दिवस बोललेलं वर आभाळात निघून जायचं. आता छत होतं. आवाज खोलीतच फिरला, आणि माझ्याच कानात परत आला.