चाळीस सेकंदांची शांतता

गोरेगावसारख्या खेड्यात रॉक बँड निघाला म्हटल्यावर लोक लग्नाच्या तारखा घेऊन आले होते. पण प्रेमानंदचं डोकंच वेगळं. आपली गिटार, करुणाचा कीबोर्ड आणि रविंद्रचे ड्रम यांची खिचडी करून त्याने बावीस मिनिटांची एकच रचना बांधली होती. साडेसात मात्रांची, ना नाचायला कामाची, ना गुणगुणायला. तीन वर्षं तिघांनी ती घासली, पण लोकांसमोर एकदाही पुरी वाजली नाही.

२००५च्या गावातल्या जयंतीच्या कार्यक्रमात त्यांना वेळ मिळाला दुपारी साडेचारचा. पाचला भारनियमन. आणि रविंद्र त्याच संध्याकाळी पोलीस ट्रेनिंगला निघणार होता. आज नाही तर कधीच नाही, या धास्तीने प्रेमानंद सकाळपासून गिटारच्या तारा पुन्हा पुन्हा जुळवत होता.

रचनेच्या मधोमध चाळीस सेकंदांची शांतता होती. रविंद्र म्हणाला होता, "काढून टाक ते. एवढा वेळ हितं कोन गप बसतंय?" प्रेमानंदने ऐकलं नाही. हट्ट म्हणजे हट्ट.

अकरा मिनिटं मंडप चक्क कान देऊन ऐकत होता. मग तिघे थांबले. प्रेमानंद मनात मोजू लागला.

तेराव्या सेकंदाला माइक कडाडला. "वा! जोरदार टाळ्या!" समितीचे अध्यक्ष मुंजाजी मास्तर शाल घेऊन मंचावर आले होते.

"सर, संपलं न्हाई अजून!"

"लाजतो काहून? आपलंच लेकरू तू!"

गिटारसकट प्रेमानंदच्या अंगावर शाल पडली, हातात पुष्पगुच्छ आला. फोटो झाला. मग मास्तर बोलायला लागले, याला बाराखडी मीच शिकवली म्हणून. ज्याने बाराखडी शिकवली त्याच्या हातातला माइक हिसकावायचा कसा? प्रेमानंद आतल्या आत जळत उभा राहिला. बोलता बोलता माइक मुका झाला. पाच वाजले होते; वीज गेली, गिटार आणि कीबोर्डही बंद पडले.

"रव्या, तू वाजव! गिटार मी तोंडानं गातो!"

रविंद्रने काड्या उचलल्या. प्रेमानंद जिवाच्या आकांताने गाऊ लागला. पोरं खिदळली, बाया लेकरं उचलून उठल्या. दोन मिनिटांत त्याचा आवाज फाटला. रविंद्रने काड्या खाली ठेवल्या.

"प्रेमा, बस कर. जीप उभी हाय."

तो गेला. मंडप रिकामा झाला तरी प्रेमानंद तिथेच बसून होता. मुंजाजी मास्तर जवळ आले, त्यांचे डोळे खरोखर पाणावले होते.

"लई झकास वाजवलं, पोरा. जरा लवकर आटपलं, एवढंच."

प्रेमानंद वाकून त्यांच्या पाया पडला, आणि त्याला उठताच येईना.