वाऱ्याला दिलेलं आवतण

मी पारुबाईंच्या घरात आढ्याला टांगलेली थर्माकोलची पेटी बोलतेय. वारा सुटला की मी हलते आणि पारुबाई घाबरून माझ्याकडं बघतात.

मी हवामान केंद्रातली. फुग्याला बांधून आभाळात जायचं, कुठल्या उंचीवर कसा वारा आहे ते खाली कळवायचं आणि पडायचं, एवढंच माझं आयुष्य. दोरा बांधताना तिथल्या जान्हवीताई सोबतिणीला म्हणाल्या होत्या, "वरचा वारा एकीकडं, खालचा दुसरीकडं पळाला ना, की वादळाचं डोकं धडावरून सरकतं. ते मोडतं. पण बंगालच्या उपसागरातल्या या वादळावर दोन्ही वारे जुळलेत, पाणीही तापलंय. हे वाढतच जाणार गं."

१९९९ची दिवाळी जवळ आली होती. फुगा फुटला आणि मी सेनगावकडच्या एका तांड्याच्या खळ्यावर उतरले.

पारुबाई तिवईवर उभ्या राहून सोयाबीन उपणत होत्या. वारा पडलेला, भुसा उडेना. अशा वेळी वाऱ्याला जेवायचं आवतण द्यायची त्यांच्या घरची रीत.

"ये बापा, काहून रुसून राहिलास? पोटभर वाढते, ये!"

तेवढ्यात मी पडले. सून शिला हसली. "आत्याबाई, आहेर आला बघा! हळू बोलवा, सारं खळं नेईल."

"नेऊ दे. देविदास यायच्या आत रास झाली पायजे."

देविदास त्यांचा मुलगा. बोअरच्या गाडीवर ओडिशाच्या किनाऱ्याकडं कामाला गेलेला.

वारा आला. रास झाली. त्याच आठवड्यात ते वादळ किनाऱ्यावर चढलं. देविदास सापडला नाही.

पारुबाई रडल्या नाहीत. माझ्याकडं बघत म्हणाल्या, "पोटभर वाढते म्हणले व्हते मी. जेवला त्यो."

त्याला आता बरीच वर्षं झाली. परवा शिला तिवईवर उभी होती. वारा पडला. सवयीनं तिनं तोंड उघडलं, तर पारुबाईंनी खालून तिचा पाय घट्ट धरला. "नको गं माय." दोघी सुपं घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

मी वर जाऊन आलेय. वादळाला कुणाची हाक ऐकू जात नाही. वरचे-खालचे वारे जुळले, म्हणून ते वाढलं. पण माझा आवाज त्या दिवशीच संपला. तुम्ही कधी इकडं आलात, तर पारुबाईंना एवढं सांगा. वारा नसताना सांगा. वारा असला की त्या भाकरीचं ताट उंबऱ्याबाहेर ठेवून दार लावून घेतात.

वारा थांबल्यावर दार उघडतात. ताटात माती असते.