मोऱ्यांचे पुस्तक

मित्रांनो, माझे नाव ऐकले तर तुम्ही मला हातसुद्धा लावणार नाही. 'रस्त्यांवरील मोऱ्या : तपासणी व देखभाल' हे ते नाव. मी एक जुने पुस्तक आहे. पाने दोनशे साठ, पुठ्ठा करडा, त्यावर ना चित्र ना नक्षी. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका लहानशा डायलिसिस केंद्रात, खिडकीजवळच्या फळीवर माझा मुक्काम आहे. ज्यांच्या किडन्या काम करीत नाहीत अशी माणसे इथे आठवड्यातून दोनदा येतात. हाताला सुया लावून, यंत्राशेजारी चार चार तास पडून रक्त साफ करून घेतात.

मला लिहिले बद्रीनाथ नावाच्या एका ओव्हरसियरने. रस्त्याखालून पाणी जायला जी वाट करतात तिला मोरी म्हणतात. अशा मोऱ्या तपासत त्यांनी एकतीस वर्षे नोकरी केली. सरकारी अहवालात जे लिहिता येत नव्हते ते घरी येऊन वहीत लिहिले, आणि निवृत्तीनंतर बासष्ट मोऱ्यांची हकिगत एकत्र केली. छापखानेवाल्याने नाव बदलायला सुचवले होते. "मोऱ्यांबद्दल आहे, तर मोऱ्याच लिहिणार," ते म्हणाले.

माझ्या प्रकाशनाला नऊ माणसे आली. एका इंजिनिअरने भाषणात मला 'अत्यंत उपयुक्त' म्हटले. त्याने मला उघडलेही नव्हते. पुढे पंचवीस वर्षे मी आणि माझी भावंडे माळ्यावर गठ्ठ्यात पडून होतो. बद्रीनाथ गेले. त्यांची मुलगी पूर्णिमा हिने घर रिकामे केले, गठ्ठे रद्दीत घातले, आणि एक प्रत इतर पुस्तकांबरोबर या केंद्राला दिली. ती प्रत म्हणजे मी. पूर्णिमानेही मला वाचले नव्हते. ते किती वाईट झाले ते पुढे सांगतो.

इथे माझा उपयोग खिडकी उघडी ठेवण्यासाठी होत असे. वारा आला की खिडकी आपटायची, म्हणून तेजस्विनी नावाची नर्स मला फटीत उभे करी. माझ्या पाठीचे टाके त्यातच उसवले.

संक्रांतीनंतरच्या एका गुरुवारी केंद्रातला टीव्ही बंद पडला. त्या दिवशी खिडकीजवळच्या दोन खाटांवर दोघे जण होते. एक हिंदुराव. हडपसरच्या पलीकडच्या गावचे. गावाची शेते जाऊन इमारती उभ्या राहिल्या, आणि त्या इमारतींना हिंदुरावांनी वीस वर्षे टँकरने पाणी पोचवले. आता डॉक्टरांनी त्यांना दिवसाला तीन फुलपात्री पाणी ठरवून दिले होते. या आजारात शरीरातले पाणी बाहेर पडत नाही, जास्त प्यायले की ते छातीत भरते. दुसरे दिगंबर. छापखान्यात मुद्रिते तपासण्यात आयुष्य गेलेले, आणि आता मधुमेहाने डोळे गेलेले.

"सोमवारपासनं म्या येनार न्हाय," हिंदुराव आपल्या बायकोला म्हणाले. "लई झालं. सुया काढाय सांग."

सोजरबाई स्टुलावर बसली होती. तिने नवऱ्याची समजूत घातली नाही. ते सगळे तिने आधीच करून पाहिले असावे. तिने इकडेतिकडे पाहिले, खिडकीच्या फटीतून मला ओढून काढले आणि कुठे तरी बोट ठेवायचे म्हणून पहिले पान उघडले. चौथीपर्यंत शिकलेली बाई. अक्षराखाली बोट धरून, अडखळत, मोठ्याने वाचू लागली : 'बासष्ट मोऱ्यांची हकिगत.'

"अहो बाई," शेजारून दिगंबर म्हणाले, "न्हाणीघरातल्या मोऱ्यांवर कुणी पुस्तक लिहिलंय? धन्य आहे."

"रस्त्याखालची मोरी हाय ती," हिंदुराव डोळे न उघडता म्हणाले. "टँकर घालताना बघावी लागती. खचली तर गाडी आत."

सोजरबाईने वाचले : 'मोरी क्रमांक एक. ही मोरी कधी तक्रार करीत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. साहेबांचे माझ्याबद्दलही असेच धोरण होते.'

दिगंबरांनी मान आवाजाकडे वळवली. मग म्हणाले, "पुन्हा वाचा ते."

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला प्रथमच कुणी 'पुन्हा' म्हटले. सोजरबाईने पुन्हा वाचले. एक मोरी संपायला तिला तास लागला. दुसरी सुरू करणार तोच तिने मला मिटले.

"आता सोमवारी," ती म्हणाली.

"वाच की."

"सोमवारी. येनार न्हवता न्हवं?"

हिंदुराव सोमवारी आले. गुरुवारीही आले. दर खेपेला एकच मोरी, हा नियम सोजरबाईने शेवटपर्यंत मोडला नाही. टीव्ही दुरुस्त झाला तेव्हा दिगंबरांनी तेजस्विनीला विचारले, "तो बंद कसा करतात?"

चौदाव्या मोरीचा दिवस मला अजून आठवतो. बद्रीनाथ तपासणीसाठी त्या मोरीत वाकून शिरले, तर आत एक मुलगा आणि एक मुलगी अंग चोरून बसलेली. दोघे घरातून पळून आलेली. वर रस्त्यावर त्यांच्या घरची माणसे काठ्या घेऊन धावत होती. मुलीने हात जोडले. बद्रीनाथ बाहेर आले, आणि अहवालात त्यांनी लिहिले : 'मोरीत अडथळे दोन. काढण्याची घाई करू नये. अंधार पडल्यावर अडथळे आपोआप निघून जातील.'

हिंदुराव असे हसले की सुई लावलेला हात हलला आणि यंत्र कोकलू लागले. तेजस्विनी धावत आली.

"काका, काय झालं? दुखतंय का?"

"अडथळं दोन," हिंदुराव म्हणाले आणि परत हसू लागले.

"सिस्टर, यांना औषध नको," दिगंबर म्हणाले. "मी चाळीस वर्षं पुस्तकं वाचली, पण चुका शोधायला. मजा येते हे कुणी सांगितलंच नव्हतं."

माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दिवस. पण एक गोष्ट तेजस्विनीला खटकत होती. दर खेपेला हिंदुराव वजनकाट्यावर उभे राहत तेव्हा वजन चार-साडेचार किलोंनी वाढलेले असे. एवढे पाणी काढताना त्यांच्या पायात गोळे येत, ओठ पांढरे पडत. "मावशी, पाणी मोजूनच देता ना?" ती विचारी. "मोजून," सोजरबाई म्हणे. ती खरेच बोलत होती.

जूनमधली गोष्ट. हिंदुरावांचा डोळा लागला होता. सोजरबाईने सहज पुढची एकेचाळिसावी मोरी ओठांतल्या ओठांत वाचून पाहिली. मी तिच्या मांडीवर होतो. वाचता वाचता तिचे बोट थांबले. हिंदुराव जागे झाल्यावर तिने पाने उलटली आणि बेचाळिसावी मोरी सुरू केली.

"बाई," दिगंबर म्हणाले, "चाळीसनंतर बेचाळीस येत नाही. आमच्या वेळेपर्यंत तरी येत नसे."

"ती चांगली न्हाय, भाऊ."

"वाच," हिंदुराव म्हणाले.

तिने वाचले. त्या दिवशी बद्रीनाथांच्या मुलीचा पाचवा वाढदिवस होता. पाऊस लागला होता आणि त्यांना घरी लवकर पोचायचे होते. एकेचाळिसाव्या मोरीपाशी ते जीपमधून उतरलेच नाहीत. बसल्या जागी तपासणीच्या सरकारी वहीत लिहिले : मोरी स्वच्छ. ती तुंबलेली होती. संध्याकाळी पाणी रस्त्यावरून वाहू लागले आणि दुधाची किटली घेऊन घरी निघालेली मुक्ताई नावाची एक बाई त्यात वाहून गेली. चौकशी झाली. सरकारी वहीत 'स्वच्छ' लिहिलेले असल्यामुळे बद्रीनाथांवर काही आले नाही. 'मी वाढदिवसाचा पेढा खाल्ला तेव्हा ती वाहत होती. हे मी घरी कोणाला सांगितलेले नाही. इथे लिहीत आहे,' एवढ्यावर ते प्रकरण संपते.

ज्या मुलीचा तो वाढदिवस होता, तिनेच माझे गठ्ठे रद्दीत घातले होते. तिने एकदा उघडून पाहिले असते तर तिला तिचे वडील थोडे तरी कळले असते.

सोजरबाई पान उलटू लागली.

"सोजर," हिंदुराव म्हणाले, "म्या पानी पितोय."

"पिताय की. तीन फुलपात्री."

"न्हाय. तू दुपारची देवळात गेलीस की माठातनं पितो. प्वाटभर. लई म्हैनं झालं."

सोजरबाईचे बोट माझ्या पानावर तसेच राहिले. "तान लागती म्हनून?"

"आदी तान लागायची म्हनून. मग म्हनलं, सुटंल एकदाचं." ते छताकडे पाहत होते. "हितं आलो की वाटतं, र्‍हावं अजून. घरी गेलो की माठ दिसतो."

"आन् मी हितं मोऱ्या वाचती," सोजरबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण तिने मला मिटून मांडीवर पालथे टाकले. "मला बाजूला सारून निघाला व्हता व्हय तुमी?"

बोलले ते दिगंबर.

"हिंदुराव, एकवीस मोऱ्या शिल्लक आहेत. मला डोळे नाहीत. तुम्ही गेलात तर बाई इथे येणार नाहीत. तेव्हा आपण जरा माझ्या सोयीचा विचार करावा."

हिंदुराव हसले नाहीत. पण पुढच्या सोमवारी ते काट्यावर उभे राहिले तेव्हा तेजस्विनीने दोनदा आकडा पाहिला. "काका! दीडच किलो?" सोजरबाईने माठ शेजारणीकडे नेऊन ठेवला होता आणि देवळात जाणे बंद केले होते. पाच आठवडे वजन असेच राहिले. पायातले गोळे थांबले. पन्नासाव्या मोरीला ते पुन्हा जोराने हसले, एका बैलाची गोष्ट होती त्यात.

मला वाटले, मी एक माणूस वाचवला. मित्रांनो, पुस्तकांनासुद्धा असा गर्व होतो.

त्यानंतरच्या सोमवारी हिंदुरावांच्या खाटेवर दुसराच माणूस होता. तेजस्विनी दिगंबरांच्या कानाशी वाकून काही तरी बोलली. दिगंबरांनी फक्त "कधी?" एवढेच विचारले. मला तिने फळीवर ठेवले. चार तास कुणी काही वाचले नाही.

तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी, सोजरबाई दारात उभी राहिली. एकटीच, कपाळ मोकळे, हातात बसचे तिकीट चुरगळलेले.

"मावशी, तुम्ही?" तेजस्विनी गोंधळली. "आता कशाला त्रास घेतलात?"

"बारा मोऱ्या र्‍हायल्यात," ती म्हणाली आणि स्टूल ओढून दिगंबरांजवळ बसली. मग सांगितले, "त्या रविवारी जेवायला बसलं व्हतं. घास हातातच र्‍हायला. डॉक्टर म्हनलं, काळीज थकलं व्हतं. पानी मोजूनच पीत व्हतं, भाऊ. खरंच मोजून."

"माहीत आहे मला," दिगंबर म्हणाले. त्यांचा आवाज त्या दिवशी एकदाही तिरका झाला नाही.

हिंदुरावांच्या जागी आलेल्या माणसाने टीव्ही लावायला सांगितले. दिगंबर म्हणाले, "पंधरा मिनिटं ऐका, मग तक्रार करा." त्याने तक्रार केली नाही.

असे सहा आठवडे सोजरबाई हडपसरहून बसने येत राहिली. मध्ये गणपती आले. रस्ते बंद, बस स्वारगेटलाच थांबायची, ती तिथून चालत यायची. खिडकीखालच्या मांडवात ढोल वाजत असत. "मोठ्यानं वाचा, बाई," दिगंबर म्हणत. "सुपाएवढे कान बाप्पाचे आहेत, माझे नाहीत."

बासष्टावी मोरी दीड पानाचीच आहे. तिने ती अगदी सावकाश वाचली : 'या मोरीखाली आता पाणी येत नाही. वरच्या अंगाला इमारती झाल्या. ओढा कुठे गेला ते कोणी सांगू शकत नाही. उद्या मी निवृत्त होत आहे. पाणी येणार नाही हे ठाऊक असूनही आज मी गाळ काढून घेतला. मजुरांनी विचारले, साहेब, कशासाठी? मला सांगता आले नाही. आत उतरून पाहिले आहे. मोरी स्वच्छ आहे.'

"खाली आणखी काही आहे?" दिगंबरांनी विचारले.

"न्हाय. कोरं पान हाय."

"बरं."

"ही ऐकायला पायजे व्हतं त्यांनी."

"हो," दिगंबर म्हणाले. "हसले नसते. पण गप्प बसून ऐकली असती."

सोजरबाईने मला पदराने पुसले, फळीवर ठेवले, आणि ती गेली. त्यानंतर ती आली नाही. यायला काही उरले नव्हते.

माझी पाठ आता पुरती उसवली आहे. तेजस्विनीने तिला पट्टी बांधायची पांढरी चिकटपट्टी लावली आहे आणि खिडकीत लाकडाचा तुकडा ठेवते. फळीवर माझ्याशेजारी आणखी अकरा पुस्तके आहेत. एक शेळ्यांच्या आजारांवर आहे, एक वजनमापांच्या नियमांवर, एकाचे नावच फाटले आहे. त्यांच्या पोटात काय आहे ते मला माहीत नाही, कारण फळीवर उभे राहून आम्ही एकमेकांना वाचू शकत नाही. दिगंबर अजून सोमवारी आणि गुरुवारी येतात. टीव्ही चालू असतो. ते त्याच्याकडे पाठ करून चार तास पडून राहतात.

मित्रांनो, आमच्या पानांना कोपरे दुमडू नका, आम्हाला भिजवू नका, हे तुम्हाला शाळेत सांगितलेलेच असेल. मला दुसरेच मागायचे आहे. या पेठेतून कधी जात असाल, आणि हाताशी थोडा वेळ असेल, तर आत या. फळीवरचे कोणतेही पुस्तक काढा. नाव बघू नका. खिडकीजवळच्या खाटेपाशी स्टूल ओढा आणि पहिले पान मोठ्याने वाचायला लागा. ते गृहस्थ आधी काही तरी टोचून बोलतील. तुम्ही थांबू नका.